उंदराला सातबारा कळत नाही



खोडव्याच्या निगेबद्दल आम्ही मागे लिहिले, त्यावर जी पत्रे आली त्यांत खोडव्याबद्दल थोडे आणि उंदरांबद्दल फार होते. गट ऑफिसवर कोणाची गाठ पडली तरी तेच. "खत सांगता, पानी सांगता, बेनं सांगता, पन हे जे बुडातून खाऊन राह्यले, त्याचं कोन सांगन?" असे एका जुन्या सभासदाने आम्हाला सगळ्यांदेखत विचारले. प्रश्न रास्त होता. उत्तर देताना आम्ही चाचरलो, कारण या कामात आमचाच हात एकदा पोळलेला आहे. ते पुढे येईलच.

उंदीर ऊस खातो म्हणजे नेमके काय करतो, हे पडक्या उसात वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. जमिनीलगतच्या दोन-चार कांड्या तो एका अंगाने कोरतो. एकच ऊस बसून संपवला असता तर एकवेळ परवडले असते. पण थोडा इथे, थोडा तिथे, अशी त्याची चाल. कोरलेल्या जागी हवा लागते, रस आंबतो, बुरशी शिरते, कांडी आतून लाल पडते. वारा सुटला की ऊस तिथूनच मोडतो आणि आडवा झालेला ऊस म्हणजे उंदराला आयता मांडव. वजनातली घट आपल्याला काट्यावर दिसते. उताऱ्यातली घट दिसत नाही. आंबलेल्या रसात साखरेची फोड होते, तिचे दाणे पडत नाहीत, ती मळीत जाते. म्हणजे सभासदाचे नुकसान काट्यावर आणि कारखान्याचे पॅनवर, आणि कारखाना पुन्हा सभासदाचाच.

हिशेब करून पाहू. एकरी चाळीस हजार ऊस उभे आहेत आणि एकेक किलोभर भरतो असे धरा. शंभरात पाच कोरले तर दोन हजार ऊस, म्हणजे दोन टन. हा नुसता पाटीवरचा हिशेब झाला. खरा आकडा ज्याचा त्याने काढावा. धुऱ्याकडच्या ओळीत शंभर ऊस मोजायचे, मधल्या ओळीत शंभर मोजायचे, आणि बूड पाहून कोरलेले वेगळे लिहायचे. अर्ध्या तासाचे काम आहे. बहुतेकांना धुऱ्याकडचा आकडा मोठा दिसेल. तो का मोठा, यातच या लेखाची सगळी गोष्ट आहे.

आधी हा प्राणी कोण ते ओळखू. घरात कणगीमागे पळतो तो हा नव्हे. उसातला मुख्य चोर म्हणजे अंगाने जाड, तोंडाने आखूड, काळपट करड्या रंगाचा, शेपूट अंगापेक्षा थोडी तोकडी असलेला. काही जण त्याला काळा उंदीर म्हणतात, काही जण सरळ घूस म्हणून मोकळे होतात. डिवचला तर अंगावरचे केस फुलवून गुरगुरतो. त्याच्या बिळाची खूण पक्की आहे. तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग, आणि बहुधा त्याच मातीने दार आतून लावलेले. आत वळणावळणाचे बोगदे, एक-दोन कोठारे, एक पिल्लांची खोली आणि पळून जायच्या वाटा. एका बिळात सहसा एकच मोठा जीव राहतो. पिल्ले असली तर आई आणि पिल्ले. कोठार खणले तर सोयाबीन, हरभरा, गव्हाच्या ओंब्या असा किलो-दोन किलो माल निघतो. याला पाण्याची भीती नाही, चांगला पोहतो. त्यामुळे बिळात पाणी सोडून बुडवायचा बेत पुष्कळदा फसतो. एका दाराने पाणी शिरते, दुसऱ्या दाराने तो शेजाऱ्याच्या वावरात.

कोरडवाहूत दुसरी जात असते. मातीच्या रंगाची, उड्या मारत पळणारी, शेपटीच्या टोकाला केसांचा गोंडा. जुन्या लोकांना हीच ओळखीची. पण जिथे बारमाही ओल आली तिथे गोंड्याचा उंदीर मागे सरला आणि काळा उंदीर पुढे आला, असे देशात ठिकठिकाणी दिसले आहे. आपल्याकडे खडकपूर्णा आणि पेनटाकळीचे पाणी आले, विहिरीवर मोटारी बसल्या, ज्वारी-कपाशीच्या शिवारात उसाचे हिरवे तुकडे दिसू लागले. पाण्याने आपल्याला ऊस दिला, आणि त्या ओलीबरोबर हा पाहुणाही आला.

याचे कुटुंब वाढते कसे तेही ध्यानात घ्या. मादी सुमारे तीन आठवड्यांत वेते, एका वेतात सहा-आठ पिल्ले सहज होतात, आणि ती पिल्ले काही महिन्यांत स्वतः वेताला येतात. खायला भरपूर मिळाले की वेतामागे वेत. मिझोराममध्ये दर अठ्ठेचाळीस-पन्नास वर्षांनी बांबूला फुलोरा येतो. ते बी खाऊन उंदीर असे वाढतात की बी संपल्यावर भातशेती फस्त करतात. १९५८-५९ मध्ये तसे झाले आणि दुष्काळ पडला. त्या दुष्काळात मदतीसाठी निघालेल्या संघटनेतूनच पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाली आणि १९६६ मध्ये तिथे उठाव झाला. आपल्याकडे बांबूचा फुलोरा नाही. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन आणि फेब्रुवारी-मार्चात हरभरा-गहू, असा वर्षातून दोनदा आपण त्यांच्यापुढे पाट मांडतो.

सोयाबीन सोंगून झाले की त्या वावरात लपायला काही उरत नाही. मग सगळी फौज उभ्या उसात. हरभरा निघाला की दुसरी लाट. चैत्र-वैशाखात सगळे शिवार उघडेबोडके, भेगाळलेले. हिरवे म्हणून काय ते उसाचे तुकडे, पाटाचा काठ आणि धुऱ्यावरचे गवत. उन्हाळ्यात खाणे कमी, वेत थांबलेले, संख्या वर्षातली सगळ्यात कमी, आणि बिळे डोळ्यांनी दिसतात. मारायची वेळ हीच. आपण मात्र दिवाळीनंतर ऊस पडलेला पाहतो आणि मग औषध आणायला धावतो. तेव्हा आत माणूस शिरत नाही, आणि उंदराला रसाळ कांडी सोडून आपली कोरडी पुडी खायची गरज नसते.

आता आमची गोष्ट.

आमचा तीन एकर ऊस होता. पहिल्या वर्षी नुकसान पाहून आम्ही चिडलो आणि कृषी सेवा केंद्रातून झिंक फॉस्फाईड आणले. ते काळे औषध सगळ्यांना ठाऊक आहे. कणकेत कालवले, गोळ्या केल्या, बिळाबिळाशी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दहा-बारा मेलेले सापडले. आम्ही गावभर सांगत सुटलो. तिसऱ्या दिवसापासून गोळ्या जशाच्या तशा. उंदीर नवे खाणे एकदम पोटभर खात नाही, चाखून पाहतो. ज्याने थोडे चाखले आणि पोटात कळ आली, पण जीव वाचला, तो ते खाणे पुढे दोन-दोन महिने शिवत नाही. याला शास्त्रात विषाबद्दलची बुजण म्हणतात. म्हणजे आम्ही दहा मारले आणि बाकीच्यांना शहाणे करून सोडले.

एवढ्यावर भागले असते तर हसण्यावारी गेले असते. कोठ्यातले मांजर मेले, ते आम्ही मनावर घेतले नाही. चौथ्या दिवशी सालदाराची चार वर्षांची पोर अंगणात खेळत होती आणि तिच्या हातात औषधाची उरलेली पुडी होती. वळचणीला आम्हीच खोचून ठेवली होती. तिने उघडली नव्हती. तिची आई काही बोलली नाही, नुसती पोरीला उचलून नळावर घेऊन गेली आणि किती वेळ तिचे हात धूत राहिली. या औषधावर उतारा नाही, हे आम्हाला त्या दिवसानंतर डॉक्टरांकडून कळले. ते पुडीवर लिहिलेले होते की नाही हे सांगता येणार नाही, कारण पुडी आम्ही वाचलीच नव्हती.

तेव्हा औषधाची रीत सांगतो, पण त्या पोरीचा हात डोळ्यांपुढे ठेवून सांगतो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी औषध नाही, काही नाही. धुरे, पाटाचे काठ, उसाच्या कडा फिरून दिसेल ते प्रत्येक बीळ मातीने बुजवायचे आणि मोजायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उघडी दिसतील ती जिती, तेवढ्यांपुढे पळसाची काडी रोवायची. आम्ही पहिल्यांदा असे केले तेव्हा सत्तेचाळीस बुजवली आणि एकोणतीस उघडी सापडली. म्हणजे अठरा बिळांत आम्ही फुकट औषध घालणार होतो. जित्या बिळात दोन दिवस नुसती ज्वारीची भरड, तिला गोडे तेल चोळून, कागदाच्या पुडीत घालून द्यायची. उंदराला वाटते, बरं चाललंय. चौथ्या दिवशी तीच भरड, तेच तेल, आणि औषध. शंभर भागांत शहाण्णव भाग भरड, दोन भाग तेल, दोन भाग झिंक फॉस्फाईड. यापेक्षा जास्त घातले तर वास येतो आणि उंदीर तोंड लावत नाही. एका बिळाला दहा ग्रॅम. पुडी काठीने हातभर आत ढकलायची आणि तोंड मातीने झाकायचे, म्हणजे पाखरू, कुत्रे, शेळी कोणाला दिसणार नाही.

काठीने कालवायचे, हाताने नाही. हातमोजे घालायचे, तोंडाला फडके बांधायचे, वाऱ्याकडे पाठ करायची. भांडे वेगळे ठेवायचे आणि ते पुन्हा घरात आणायचे नाही. पुड्या मोजून न्यायच्या आणि मोजून संपवायच्या. उरल्या तर घरी आणायच्या नाहीत, वस्तीपासून आणि विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात पुरायच्या. पाचव्या दिवशी सकाळी मेलेले उंदीर काठीने गोळा करून तसेच पुरायचे. ओल्या बिळात, पावसाच्या तोंडावर हे औषध घालू नये. त्याला ओल लागली की विषारी वायू सुटतो. औषध वाया जाते आणि घालणाराही धोक्यात येतो. कोणाच्या पोटात गेलेच तर मीठ-पाणी, ताक, तूप असले घरचे उपाय न करता पुडीसकट थेट सरकारी दवाखाना गाठावा.

आठवडाभराने बिळे पुन्हा बुजवून पाहायची. जी अजून उघडतात त्यातले उंदीर शहाणे झालेले असतात. त्यांच्यापुढे तेच औषध चालत नाही. तिथे ब्रोमॅडिओलोनचे तयार ठोकळे, ०.००५ टक्क्यांचे, बिळाला पंधरा ग्रॅम. हे औषध रक्त गोठू देत नाही. उंदीर खाल्ल्यावर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे कशाने मेला हे त्याच्या भाऊबंदांना उमगत नाही. यावर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे, तो डॉक्टरनेच द्यायचा. पण मेलेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर विष त्यांच्यापर्यंत पोचते. म्हणून हे पहिल्या फेरीत सगळीकडे न टाकता उरलेल्या बिळांपुरतेच वापरावे, असे आमचे मत आहे.

दोन गोष्टींबद्दल कडक बोलावे लागते. बिळात थायमेट टाकायची जुनी सवय अजून काही ठिकाणी आहे. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर तो वापरू नका. दुसरे, गॅसच्या गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाईड. कायद्याने त्या सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीड नियंत्रकांच्या देखरेखीखालीच वापरायच्या आहेत. "एक गोळी टाकली, काम फत्ते" असे सांगणारे भेटतात. ज्या घरात ती गोळी भलत्याच कामाला वापरली गेली, ते घर सांगायला येत नाही.

उंदीर मारायला नको म्हणणारेही आहेत, आणि आम्ही त्यांना हसत नाही. आमच्या आईनेच पहिल्या वर्षी म्हटले होते, "गनपतीचं वाहन हाय रे ते." तिला आम्ही नुकसान समजावत बसलो. ती म्हणाली, "मंग चतुर्थी सोडून मारा." तसे आम्ही अजून पाळतो.

घुबडाचीही तशीच गोष्ट. पडक्या वाड्यात आणि जुन्या विहिरीच्या कपारीत राहणारे गव्हाणी घुबड रात्रीत दोन-तीन उंदीर सहज उचलते, आणि आपण त्याला अशुभ म्हणून दगड मारतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घुबड मारणे हा गुन्हा आहे. मलेशियात ताडतेलाच्या मळ्यांत याच घुबडासाठी खांबांवर लाकडी खोकी बसवतात. आपण निदान लहान उसात, आठ-दहा फूट बांबूला आडवी काठी बांधून एकरी चार-पाच पक्षीथांबे उभे करावेत. मात्र खरे तेही सांगतो, की ऊस छातीच्या वर गेला आणि पाने मिटली की घुबडाला आत झडप घालता येत नाही. तिथून पुढे त्याचा उपयोग धुऱ्यावर आणि शेजारच्या उघड्या वावरात. उसाच्या आत बिळात शिरून खाणारी म्हणजे धामण. तिला विष नाही. तिचा एवढा गुण ज्याला कळला त्याने तिच्यावर काठी उचलू नये.

मुंगूस पाळा, असाही सल्ला मिळतो. त्याची हकीगत ऊसवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. वेस्ट इंडिजमधल्या जमैका बेटावर उसाचे मोठे मळे होते आणि उंदरांनी मळेवाले जेरीस आले होते. १८७२ मध्ये एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने आपल्या देशातून, कलकत्त्याहून, नऊ मुंगूस बोटीने नेले आणि मळ्यात सोडले. सुरुवातीला वाहवा झाली. शेजारच्या बेटांनी नेले, १८८३ मध्ये प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांच्या उसातही ते पोचले. पण उंदीर निघतो रात्री आणि मुंगूस फिरतो दिवसा. मुंगसांनी जमिनीवर घरटी करणारी पाखरे, सरडे, कोंबड्या यांचा फडशा पाडला, आणि उसातले उंदीर काही हटले नाहीत. आज त्या बेटांवर मुंगूस हीच एक पीडा समजली जाते. आपल्याकडे तो निसर्गाच्या जागी आहे, धुऱ्यावर दिसला तर असू द्यावा. पण त्याच्या भरवशावर झोपू नये.

आता मूळ गोष्टीकडे येतो. दुसऱ्या वर्षी आम्ही वर सांगितली तशी सगळी रीत पाळली. एकोणतीस जित्या बिळांची चार उरली. ऊस त्या पावसाळ्यात देखणा आला. आणि दिवाळी उलटली तसा पूर्वेकडच्या धुऱ्यालगत पुन्हा तोच प्रकार. ठिबकच्या नळ्यासुद्धा कुरतडलेल्या. सालदाराने आम्हाला हाताला धरून नेले आणि जमिनीलगत गवतातून गेलेल्या बोटभर खोल, गुळगुळीत वाटा दाखवल्या. त्या सगळ्या एकाच धुऱ्यातून येत होत्या. "भाऊ, तुम्ही घर झाडलं," तो म्हणाला, "पन उकिरडा तर दारातच हाय ना."

तो धुरा वादातला आहे. आमचा आणि आमच्या चुलतभावाचा. मोजणी झाली, ती एकाला मान्य तर दुसऱ्याला नाही, प्रकरण तहसीलला गेले. तेव्हापासून त्या धुऱ्याला कोणी वखर लावला नाही, कोणी विळा लावला नाही. जो हात लावील त्याने अतिक्रमण केले, असा दुसरा अर्ज करणार. त्यामुळे धुरा रुंदावत गेला, सहा-सात फूट झाला. वर हरळी, गाजर गवत, पाटाच्या अंगाला बेशरम. खाली उंदरांची पेठ. दोन्हीकडे पीक आणि मध्ये अशी जागा, की जिथे माणूस पाय ठेवायला भितो. उंदराला याहून काय हवे? असे धुरे आपल्या शिवारात किती आहेत ते ज्याचे त्याने आठवावे. आम्ही आमचाच सांगितला.

उंदराला सातबारा कळत नाही. आम्ही आमच्या गटातले मारले, तर रिकामी झालेली बिळे पलीकडच्यांनी भरली. एकट्याने केलेले काम का टिकत नाही त्याचे कारण हे आहे. जोधपूरच्या काझरी संस्थेत १९७७ पासून उंदीर नियंत्रणाचा अखिल भारतीय प्रकल्प सुरू झाला. तिथल्या शिकवणीतही सगळ्या गावाने एकाच वेळी मोहीम करावी यावर भर आहे. शाळा, गायरान, रस्त्याच्या कडा, पाटाचे काठ, कोणाचेच नसलेले सगळे त्यात धरायचे.

आमच्या गावात ते कसे झाले? भाषणाने झाले नाही. आखजीच्या सणाला गावात माणसे घरी असतात. भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत मोबाईलवर आलेले होते, पाराजवळ त्यावर चर्चा चालली होती. कोणीतरी म्हणाले, "पावसाचं तर त्याईनं सांगतलं, उंदराचं कोन सांगते?" तिथून विषय निघाला. चौदा जणांनी नावे दिली, त्यांतल्या नऊ जणांकडे ऊस नव्हता. त्यांनी का यावे? त्यांचे सोयाबीन, हरभरा त्याच बिळांत जातो म्हणून. चुलतभाऊ पहिल्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा घेऊन. त्यावर जागोजागी दातांच्या खुणा. आमच्याशी न बोलता तो तुकडा त्याने पारावर ठेवला.

धुऱ्याचा तोडगा गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी काढला. हद्दीच्या दगडाला हात लावायचा नाही. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना, आज जिथे गवत संपते तिथे, सुतळी ताणायची. सुतळीच्या आतले गवत काढायचे, बिळे खणायची, माती जिथल्या तिथे दाबायची. फावडे सुतळीबाहेर जाता कामा नये. दोन्हीकडचे दोन-दोन माणसे उभे. सकाळपासून दुपारपर्यंत काम चालले. पोरे काठ्या घेऊन, कुत्री जीभ काढून. किती निघाले ते मोजायचे राहून गेले, पण कोठारांतून निघालेला हरभरा दोन टोपल्या भरला, तो गुरांनाही घातला नाही, पुरला.

यात धान्याची आठवण निघाली ती सांगून टाकतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावात लोक घरे सोडून बाहेर राहिले. बंद घरांत धान्य होते, त्यावर उंदीर माजले, आणि १९९४ च्या ऑगस्टमध्ये तिथे गाठीच्या प्लेगची साथ नोंदली गेली. म्हणून औषध न घालता उंदीर मरून पडलेले दिसले तर हात लावू नका, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो. उसाला पाणी देताना पायाला चीर असेल तर अनवाणी चिखलात उतरू नका. उंदरांच्या अंगावर आणि गवतात राहणाऱ्या बारीक किड्यांपासून स्क्रब टायफस होतो, २०१८ मध्ये नागपूरकडे त्याने माणसे गेली. ताप आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली तर डॉक्टरला ती दाखवावी, नुसते "ताप आहे" म्हणू नये.

पाचटाबद्दल सभासदांत दोन तट आहेत. पाचट जाळू नका असे आम्हीच वर्षानुवर्षे लिहित आलो. आता म्हणाल, त्यातच उंदीर लपतात. लपतात हे खरे. तरी जाळू नकाच. धुऱ्यालगतची तीन-चार फूट पट्टी पाचट न घालता स्वच्छ ठेवा, आतल्या सरीत पाचट दाबून मातीआड करा, आणि मोठ्या बांधणीला भर चांगली द्या म्हणजे ऊस लोळणार नाही. धुरा फूट-दीड फुटापेक्षा रुंद ठेवण्यात कोणाचेच हित नाही. तोडणीच्या वेळी मधला तुकडा शेवटी राहतो आणि सगळे उंदीर त्यात गोळा होतात, हे टोळीवाल्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तो तुकडा संध्याकाळी अर्धवट सोडू नका. रात्रीतून सगळे खोडव्याच्या कडेला जाऊन बसतात.

आमच्या धुऱ्याचे प्रकरण तहसीलला अजून चालू आहे, पुढची तारीख पडायची आहे. सुतळी मात्र यंदाही चुलतभावाच्याच घरून आली.

ज्या गावांना उन्हाळ्यात अशी मोहीम करायची आहे त्यांनी आखजीपूर्वी गट ऑफिसला नावे कळवावीत. यादी करताना ज्याच्याकडे ऊस नाही त्या शेजाऱ्याचे नाव आधी लिहावे.